हौसामावशीचं म्हणणं

"खाली वाक आणि सांग, वास येतो का," टिळेकर सर म्हणाले.

मी वाकले. सकाळचे साडेसात वाजले होते. पॅकहाउसच्या मागे नव्याने बांधलेल्या सहा संडासांपैकी पहिल्याच्या दारात ओणवी होऊन मी पांढऱ्या फरशीचा वास घेत होते. फिनाईल आणि त्याखाली ओलं सिमेंट. माणसाचा वास कुठेच नव्हता, कारण माणूस तिथे अजून गेलाच नव्हता.

"नाही येत, सर."

"छान." त्यांनी खिशातून रुमाल काढून नळाच्या तोटीवरचा एक थेंब टिपला, सहाही संडासांकडे जाणारं एकच मोठं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातात ठेवली. "मॅडम दहाला येताहेत. तोवर हे असंच राहू दे. अडीच तासांचा तर प्रश्न आहे. बायकांना तूच समजावून सांग. तुझं ऐकतात त्या."

निफाडकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमधली ही गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, कृषी पदवी घेऊन लागलेली, लाइन सुपरवायझर म्हणून दुसरा सीझन. अजून कायम झाले नव्हते. आजूबाजूच्या गावांतून साठ बायका टेंपोने यायच्या. दिवसभर उभ्याने घडातले खराब मणी कात्रीने काढायच्या आणि घड पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, बसवायच्या. माल युरोपात जायचा. तिथल्या खरेदीदाराने त्या वर्षी कळवलं होतं की फक्त द्राक्षं नाही, कामगारांना तुम्ही कसं वागवता तेही आम्ही तपासणार. त्यासाठी कुरियन मॅडम येणार होत्या, केरळच्या.

म्हणून संडास. आधीचे दोन मोडके होते ते पाडले. महिनाभर बायका कुंपणापलीकडच्या बागेत बांधाआड जात होत्या. आदल्या दिवशी कुंपणाचं बागेकडचं मागचं फाटकही बंद केलं आणि तिथे वॉचमन बसवला, कारण तपासणीच्या दिवशी कुणी बांधाआड जाताना दिसलं असतं तर सगळंच संपलं असतं.

टिळेकर सर त्याच सीझनला पुण्याहून मॅनेजर म्हणून आले होते. आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकला नाही. साठच्या साठ बायकांची नावं त्यांनी आठवड्यात पाठ केली. कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाचा नवरा दवाखान्यात आहे, सगळं लक्षात. बायकांचे पाय दुखतात म्हणून त्यांनी उभं राहायला रबरी पट्ट्या टाकून घेतल्या. डिसेंबरमध्ये माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा स्वतःच्या गाडीतून मला नाशिकला नेलं, दिवसभर आयसीयूबाहेर बसले, डॉक्टरांशी बोलले, माझ्या आईला डबा आणून दिला. आई अजूनही त्यांना देवमाणूस म्हणते. मी तिला कधी काही सांगितलेलं नाही.

बायकांना मी समजावून सांगितलं. माना हलवून त्या टेबलांकडे वळल्या. फक्त हौसामावशीने हातमोजे चढवता चढवता विचारलं, "दहा म्हंजे दहालाच ना, पोरी?"

हौसाबाई गांगुर्डे. पन्नाशीच्या पुढची, बुटकी, हात असे चालायचे की बघत राहावं. बाकी सगळ्या मला मॅडम म्हणत, ती पोरी म्हणायची. पहिल्या सीझनला मी घड उचलायला गेले तेव्हा तिनेच माझा हात धरून दाखवलं होतं की घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर वरची पांढरी झाक जाते आणि द्राक्ष शिळं दिसतं. तिला साखरेचा त्रास होता. दर तास-दीड तासाला तिला जावं लागे. हे मला माहीत होतं. टिळेकर सरांनाही माहीत होतं. तिच्या गोळ्या कुठल्या दुकानात स्वस्त मिळतात हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.

"दहालाच," मी म्हणाले.

दहा वाजले. सव्वादहाला फोन आला की मॅडमची गाडी ओझरजवळ बंद पडली आहे, दुसरी पाठवली आहे. पावणेअकराला हौसामावशी माझ्याजवळ आली.

"चावी दे, पोरी. दोन मिन्टात येते."

"थोडं थांब ना, मावशी. येतीलच आता."

ती परत टेबलाशी गेली. साडेअकराला पुन्हा आली. या वेळी ती काही मागत नव्हती. नुसती उभी राहिली, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. कपाळाला घाम होता आणि हॉलमध्ये तर थंडावा होता.

मी टिळेकर सरांच्या केबिनमध्ये गेले. ते फायलींवर नीटस लेबलं चिकटवत होते.

"सर, हौसामावशीला जायचंय. तिला साखर आहे. थांबवत नाहीये तिला."

त्यांनी लगेच लेबल बाजूला ठेवलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. "अगं, मग मी कुठे नाही म्हणतोय? चावी तुझ्याकडे आहे. तू ठरव."

"म्हणजे उघडू?"

"रेवती, मी तुझ्यावर पूर्ण सोडलंय. लाइन तुझी, बायका तुझ्या. फक्त एवढंच लक्षात घे की एकीसाठी उघडलं की साठ जणी उठतील, आणि त्यांना आपण नाही म्हणू शकणार नाही. मग मॅडमना काय दिसेल ते दिसेल. तरी तुला योग्य वाटत असेल तर उघड. मी तुझ्या पाठीशी आहे." ते हसले. "कायम करायच्या यादीत तुझं नाव मी उगाच वर नाही टाकलेलं. तुला निर्णय घेता येतात."

मी बाहेर आले. चावी माझ्या एप्रनच्या खिशात होती. हौसामावशीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिला हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

पाचाची पन्नास झाली. मी लाइनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वजनकाट्यावर उगीचच लक्ष ठेवत राहिले, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. आणखी तीन-चार जणी विचारून गेल्या. त्यांनाही पाच बोटं दाखवली. साडेबाराच्या सुमाराला तीन नंबरच्या टेबलाभोवती काहीतरी झालं. आवाज काहीच झाला नाही. उलट कात्र्यांचा आवाज थांबला.

मी गेले. हौसामावशी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. एप्रन समोरून कोरडा होता, खाली साडीचा काठ काळपट ओला, आणि रबरी पट्टीच्या खाचांतून पाणी हळूहळू शेजारणीच्या पायांकडे सरकत होतं. शेजारीण पाय हलवत नव्हती. हलवला असता तर बघितल्यासारखं झालं असतं. त्या टेबलावरच्या आठही बायका समोरच्या घडांकडे बघत होत्या. हौसामावशीच्या डाव्या हातात अजून एक घड होता, देठाला धरलेला, मण्यांना बोट न लावता.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, फरशी. आता मॅडम येतील आणि फरशी ओली आहे. दुसरं काही वाटायला थोडा वेळ लागला.

"फडकं दे," हौसामावशी म्हणाली. आवाज अगदी साधा. "मीच पुसते."

आणि तिने पुसलं. गुडघ्यांवर बसून, ओल्या साडीत, रबरी पट्टी उचलून, तिच्या खालचंसुद्धा. मी फडकं दिलं आणि उभी राहिले. चावी खिशात होती. तेव्हाही मी दार उघडलं नाही, कारण त्याच वेळी मुख्य फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला.

टिळेकर सर हॉलमध्ये आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं असावं. ते हौसामावशीजवळ गेले, तिच्या खांद्याला हात लावला आणि हळू म्हणाले, "मावशी, तब्येत बरी नाही ना? या, बसा इथे." स्वतः खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली, नवा एप्रन आणून तिच्या मांडीवर पसरला. वळताना माझ्या कानाशी म्हणाले, "फिनाईल." आणि मग दाराकडे गेले, हसत, हात जोडून.

कुरियन मॅडम सावळ्या, उंच, सुती साडी नेसलेल्या बाई होत्या. उशिराबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. हिंदी त्यांना जेमतेम येत होती, बोलणं सगळं इंग्रजीतच. त्यांनी कात्र्या पाहिल्या, औषधांची पेटी पाहिली, हजेरी पाहिली. मग संडास पाहिले. कुलूप मी पाच मिनिटं आधी काढून ठेवलं होतं. त्या आत गेल्या, नळ सोडून पाहिला, आरशात क्षणभर स्वतःकडे पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या की इतक्या वर्षांत एवढी स्वच्छ जागा मी पॅकहाउसमध्ये पाहिलेली नाही.

"बायकाच ठेवतात, मॅडम," टिळेकर सर म्हणाले. "आम्ही फक्त बांधून दिलं."

फिनाईलचा वास माझ्या हातांना होता. तो त्या दिवशी जेवतानाही गेला नाही.

मग मॅडम म्हणाल्या, आता मला काही कामगारांशी बोलायचंय, मॅनेजरच्या गैरहजेरीत. हजेरीवरून त्यांनी चार नावं स्वतः निवडली. मग हॉलवर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि त्या."

टिळेकर सरांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "जरूर. भाषेसाठी रेवतीला घ्या. आमच्याकडची सगळ्यात प्रामाणिक मुलगी." आणि ते खरोखरच निघून गेले, थेट मुख्य फाटकापर्यंत. खिडकीतून दिसत होते. वॉचमनशी गप्पा मारत उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

औषधपाण्याच्या छोट्या खोलीत आम्ही बसलो. पहिल्या चौघी सगळ्याला हो म्हणाल्या. मग हौसामावशी आली. खुर्चीवर बसायला तयार होईना, खराब होईल म्हणाली. शेवटी उभीच राहिली. खोली लहान होती आणि वास लपत नव्हता. कुरियन मॅडमच्या लक्षात आला हे मला दिसलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, पेन खाली ठेवलं.

"त्यांना विचारा, त्यांना पाहिजे तेव्हा बाथरूमला जाता येतं का?"

मी मराठीत विचारलं. जसंच्या तसं विचारलं.

हौसामावशीने माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे वळून, जणू त्यांना मराठी कळतंय अशा बेताने, सावकाश बोलू लागली. "न्हाई, बाई. आज सकाळधरनं कुलूप हाये. मी दोनदा आले चावीसाठी. मला साखर हाये, मला धरवत न्हाई. साठ जणींच्या मधे माझं असं झालं. नातवंडं हायेत मला. उद्या टेंपोत कुनाच्या शेजारी बसू मी? आम्ही काम करतो, फुकट खात न्हाई. एवढं सांगा त्यांना, कुलूप लावू नका म्हनावं." आणि हात माझ्याकडे केला. "चावी हिच्याकडं व्हती. पर ह्या पोरीचा दोष न्हाई. तिला वरून सांगितलेलं."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. पेन पुन्हा हातात घेतलेलं.

खिडकीबाहेर पाठमोरे टिळेकर सर वॉचमनच्या कुठल्याशा बोलण्यावर मान हलवत होते. त्यांनी मला काय सांग, काय सांगू नकोस, याबद्दल एक शब्दही उच्चारला नव्हता. धमकी नाही, विनवणी नाही. खोलीत मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी काय वाट्टेल ते बोलू शकत होते.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले, "की जाता येतं. स्वच्छता राहावी म्हणून चावी माझ्याकडे असते, मागितली की मी देते."

"आणि ही साडी? काय झालं?"

"त्यांना आजार आहे, मॅडम. लघवीवर ताबा राहत नाही. त्यांना फार लाज वाटते." मी थांबायला हवं होतं. माझं वाक्य तिथेच पुरं होत होतं. पण मला ते आणखी पक्कं करावंसं वाटलं. "दुसरीकडे कुठे त्यांना कामावर घेत नाहीत. आमच्या मॅनेजर साहेबांनी त्यांना ठेवून घेतलंय. नातवंडं आहेत त्यांना, म्हणून."

नातवंडं. तिच्या तोंडचा तेवढा एक शब्द मी खरा पोचवला.

कुरियन मॅडमचे डोळे भरून आले. त्या उठल्या, हौसामावशीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. हौसामावशीने तो हात कपाळाला लावला. बाहेर पडताना दारात तिने मला विचारलं, "समदं सांगितलंस ना नीट?"

"हो, मावशी."

"बरं झालं. बाई भली हाये. रडली बघ ऐकून."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. टिळेकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून शेवटचं पान वाचायला दिलं. आजारी कामगाराला सन्मानाने सामावून घेणाऱ्या व्यवस्थापनाचं त्यात खास कौतुक होतं. पूर्ण परिच्छेद.

"हे तुला मी बोलायला सांगितलं होतं?"

"नाही, सर."

"तेच." ते बराच वेळ माझ्याकडे मायेने बघत राहिले. "माणसं सांगितलेलं करतात, रेवती. न सांगता करणारं माणूस लाखात एक. कन्फर्मेशनचं पत्र तयार आहे." त्यांनी पाकीट पुढे सरकवलं. मग खुर्चीत मागे टेकून सुस्कारा टाकला. "आता एक वाईट काम. रिपोर्टात आजाराची नोंद झाली ना. खाण्याच्या वस्तूच्या लाइनवर असा माणूस ठेवता येत नाही, नियम आहे. मला स्वतःला फार वाईट वाटतंय. हौसामावशीला तू सांगशील? तुझं ऐकते ती."

पाकीट हातात घेऊन मी बाहेर आले. रागावून ते फेकलं वगैरे काही नाही. घरी नेलं आणि आईने ते देवापुढे ठेवलं.

हौसामावशीला मी टेंपोपाशी गाठलं. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या बाईला खरं सांगितलं म्हनून?" तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. न बोलणं हेच उत्तर होईल हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी बोलले नाही.

"वाटलंच मला," ती म्हणाली. मग जवळ सरकून, टेंपोतल्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "तुला काई त्रास देतील का गं ते? तू सांगितलं म्हनून?"

"नाही, मावशी."

"जपून ऱ्हा. वडील आजारी हायेत तुझे." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. द्राक्षांच्या रसाने तिची बोटं चिकट होती. "तुझ्यासारकं कुनी बोलत न्हाई आमच्यासाठी. मी सांगीन समद्यांना."

तिने सांगितलंही. त्या वर्षी आणि पुढची कित्येक वर्षं हौसामावशीच्या गावावरून जाताना बायका मला थांबवून चहा पाजायच्या. ही ती मॅडम, त्या परक्या बाईपुढे आपल्या बाजूने बोललेली. मी तो चहा प्यायचे आणि गाडी पुढे नेऊन रस्त्याच्या कडेला थांबवायचे. दोनदा ओकले. मग सवय झाली, आणि त्या सवयीची मला ओकण्यापेक्षा जास्त किळस येते.

टिळेकर सर तीन वर्षांनी मोठ्या कंपनीत गेले. जाताना त्यांनी आपल्या जागेसाठी माझं नाव सुचवलं. मी ती खुर्ची घेतली. संडासांचं कुलूप मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं, हे इथे सांगायचा मोह होतो. पण ते कुलूप तपासणीनंतर तसंही कुणी लावलं नव्हतं, त्यामुळे त्यात माझं काही नाही.

मॅनेजर झाल्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत एक तरुण बाई केबिनच्या दारात आली. काखेत पिशवी, केसांना तेल. ज्योती गांगुर्डे. हौसामावशीची सून.

"सासूबाई गेल्या, दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "किडनीचं झालं व्हतं. त्या म्हनायच्या, काम करायचं तर रेवती मॅडमच्या हाताखाली कर. दुसरीकडं जाऊ नको. ती एकटीच खरं बोलती."

तिचे हात मी पाहिले. आखूड, चपळ वाटणारे हात. ती दारातच उभी होती, बसली नव्हती.

"या सीझनला जागा भरल्या, गं," मी म्हणाले. आवाज चढवला नाही. खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, मुलं किती, शाळेत जातात का, विचारलं. वाईट वाटतंय म्हणाले. ती हात जोडून गेली.

जागा होत्या. त्या दिवशी अकरा होत्या.